इंजिन तापते, पण का? पार्ट बदलण्याआधी कारण शोधा

व्यापाऱ्याच्या दृष्टीने गाडी हे आता दुकानाचेच एक अंग झाले आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीहून माल आणायचा, आठवडी बाजारात पोहोचवायचा, उधारीच्या वसुलीसाठी तालुक्याच्या गावी जायचे, हे सारे गाडीवर अवलंबून असते. उन्हाळा लागला की याच गाड्या घाटात, नाक्यावर आणि बाजाराच्या गर्दीत बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या दिसतात. मालक मिस्तरीला बोलावतो. मिस्तरी सांगतो, “रेडिएटर गेला.” रेडिएटर बदलला जातो. आठ दिवसांनी गाडी पुन्हा तापते. मग “वॉटर पंप गेला” आणि त्यानंतर “हेड गॅसकेट गेले.” अशा रीतीने तीन वेळा खर्च होतो आणि प्रत्येक वेळी मालक मनातल्या मनात म्हणतो की आपल्याला लुटले.

आमचे म्हणणे असे की यात प्रत्येक वेळी लूट असतेच असे नाही. बहुतेक वेळा कोणी कारण शोधलेलेच नसते. इंजिन तापण्याची कारणे डझनभर आहेत, परंतु ती ओळखण्याची एक रीत आहे आणि त्यातील बरीच कारणे थोड्या खर्चात सापडतात. ही रीत का पाळली जात नाही, याचा विचार गाडीच्या मालकाने आणि गॅरेजवाल्यानेही केला पाहिजे. आपल्या वाचकांत दोन्ही प्रकारचे लोक आहेत. कित्येक घरांत तर थोरला भाऊ कापडाच्या दुकानात आणि धाकटा गॅरेजमध्ये, अशी स्थिती आहे. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे आम्हाला योग्य वाटते.

उष्णता जाते कुठे?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की इंजिन गरम होणे हा दोष नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हा आतील वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. तरीही अॅल्युमिनियमचे हेड वर्षानुवर्षे टिकते, कारण निर्माण होणारी उष्णता सतत बाहेर काढली जाते. ढोबळमानाने सांगायचे तर पेट्रोलच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग गाडी ओढण्यास कामी येतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्यावाटे रेडिएटरमध्ये येऊन हवेत मिसळतो.

या पाण्याचा प्रवास सरळ आहे. वॉटर पंप ते इंजिनात फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची मेणाची झडप साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडते आणि गरम पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरकडे सोडते. रेडिएटरच्या जाळीतून हवा जाते, पाणी थंड होते आणि खालच्या पाइपाने परत इंजिनात येते. रेडिएटरचे झाकण हे सर्व दाबाखाली ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते, पण ०.९ बार दाबाचे झाकण नीट बसलेले असेल तर तेच पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे कुलंट मिसळलेले असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. इंजिन जास्त तापते याची मूळ कारणे चारच असू शकतात. पाणी कमी आहे, पाणी फिरत नाही, हवा फिरत नाही, किंवा इंजिन नेहमीपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत आहे. पाचवी शक्यता अशी की इंजिन तापलेलेच नाही आणि काटा खोटे सांगतो. मिस्तरीने पाना हातात घेण्याआधी या पाचांपैकी आपले घर कोणते, हे ठरवले पाहिजे.

गाडी केव्हा तापते?

हे ठरवण्यासाठी पहिले हत्यार म्हणजे प्रश्न. पूर्वीचा हकीम नाडीवर हात ठेवण्याआधी विचारत असे की ताप सकाळी येतो की संध्याकाळी, जेवणाआधी की नंतर. गाडीच्या बाबतीतही “तापते” एवढे सांगून भागत नाही. केव्हा तापते, हे सांगावे लागते.

गाडी उभी असताना किंवा बाजाराच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय हवेवर घ्यावा. वेगात गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फक्त पंखा देतो. पंख्याचा फ्यूज, रिले, तापमानाचा स्विच आणि मोटर या क्रमाने पाहावे. अॅम्बॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांत पंखा बेल्टवर चालत असे, तिथे बेल्ट ढिला आहे का ते पाहावे लागते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून विजेवर चालणारा पंखा घरोघरी पोहोचला आणि त्याबरोबर विजेचे दोषही आले. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. त्या दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि सुका पाला साचतो, तो समोरून दिसत नाही. लूमच्या गल्लीत किंवा जिनिंगच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत रुई अडकते, हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

याउलट गर्दीत ठीक असणारी गाडी कसारा किंवा खंबाटकी घाटात, किंवा महामार्गावर वेग वाढवताच तापत असेल, तर पंख्याकडे पाहण्यात अर्थ नाही. तिथे पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरलेल्या असतात, किंवा पंपाच्या आतील पाते झिजलेले असते, किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो. खालचा पाइप म्हातारा झाला असेल तर वेगात पंपाच्या ओढीने तो आत चपटतो आणि इंजिन बंद करताच पुन्हा गोल होतो. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो दोष कधीच दिसत नाही. ब्रेक चिकटत असेल, सायलेन्सर कोंदला असेल, किंवा जुन्या गाडीत इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल, तरीही इंजिनावर भार येऊन ते तापते.

सकाळी सुरू केल्यानंतर पाच-सात मिनिटांतच काटा वर जात असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे किंवा पाण्याच्या मार्गात हवा कोंडली आहे, असे समजावे. नुकतेच पाणी बदलले असेल किंवा सीएनजी किट बसवले असेल तर हवेचा संशय पक्का होतो. सीएनजीच्या रिड्यूसरला गरम ठेवण्यासाठी इंजिनाचे पाणी छोट्या पाइपांनी फिरवलेले असते. ते टी-जॉइंट गळाले किंवा तिथे हवा राहिली की लोक म्हणतात, “गॅसमुळे गाडी तापते.” गॅसचा त्यात दोष नसतो, जोडणीचा असतो.

पाणी सारखे कमी होते, पण खाली थेंब दिसत नाही, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी झाकण पाहावे. झाकणाचा रबर कडक झाला की दाब टिकत नाही, पाणी १०० अंशांवरच उकळते आणि वाफ होऊन जाते. त्यानंतर पंपाखालचे लहान छिद्र पाहावे, तिथे पांढरट किंवा हिरवट डाग असेल तर पंपाचे सील गेले आहे. हे दोन्ही ठीक असेल तरच हेड गॅसकेटचा विचार करावा.

आणि काट्याविषयी दोन शब्द. काटा टोकाला गेला पण पाणी उकळत नाही, वरचा पाइप बेताचाच गरम आहे, तर सेन्सर, वायर किंवा अर्थिंग तपासावे. यापेक्षा धोक्याची गोष्ट उलटी आहे. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तापमान खरे सांगतो. सगळे पाणी निघून गेले की तो कोरड्या हवेत राहतो, काटा खाली येतो आणि चालक समाधानाने गाडी हाकत राहतो. वर गेलेला काटा एकाएकी खाली आला तर खूश न होता लगेच गाडी थांबवावी. त्याचप्रमाणे बॅटरीचा लाल दिवा आणि तापमानाचा काटा एकाच वेळी वर गेला तर अनेक गाड्यांत त्याचा अर्थ बेल्ट तुटला असा होतो, कारण तोच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो.

स्वस्तापासून महागाकडे

प्रश्न विचारून झाले की तपासणी. तिचा क्रम एकच असावा, तो म्हणजे स्वस्तापासून महागाकडे. थंड इंजिनात पाण्याची पातळी, झाकण, पाइप, बेल्ट आणि पंख्याचा फ्यूज पाहायला दहा मिनिटे लागतात आणि एकही बोल्ट उघडावा लागत नाही.

मग इंजिन सुरू करून दोन्ही पाइपांची उष्णता पाहावी. हात भाजून घेण्याची आता गरज नाही. २०२० च्या कोरोनात कपाळासमोर धरण्याची जी बंदूक सर्वांनी पाहिली, त्याच जातीची पण जास्त तापमान मोजणारी बंदूक हार्डवेअरच्या दुकानात मिळते. काटा वर आहे, तरी वरचा पाइप थंड, तर बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट उघडला नाही. वरचा पाइप अतिशय गरम आणि खालचा जवळजवळ थंड, तर पाणी रेडिएटरमध्ये अडते आहे किंवा पंप ढकलत नाही. दोन्ही पाइप सारखेच तापलेले, तर पाणी फिरते आहे पण हवा उष्णता नेत नाही. रेडिएटरच्या जाळीवर जागोजागी बंदूक धरली तर कोंदलेल्या नळ्यांचा भाग थंड दिसतो. एवढ्या तपासणीत निम्म्याहून अधिक प्रश्न मिटतात, असा आमचा अंदाज आहे.

थर्मोस्टॅटची परीक्षा तर चहावाल्याच्या पातेल्यातही होते. तो दोऱ्याने पाण्यात लटकवून पाणी तापवावे. उकळी फुटण्याच्या आधीच तो उघडला पाहिजे आणि पाणी निवताना मिटला पाहिजे.

हेड उघडणे हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी गॅसकेटची परीक्षा बाहेरून करता येते. थंड इंजिनाचे झाकण काढून इंजिन सुरू केले आणि पाण्यात बुडबुडे सतत येतच राहिले, किंवा थंड इंजिन सुरू करताच वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतो आहे. याची खात्री करून देणारे निळे रसायनही मिळते. रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्यातून ओढली आणि ते पिवळे पडले तर जळालेला वायू पाण्यात आहे, हे पक्के समजावे. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला म्हणून लगेच हेड उघडू नये. फार कमी अंतर चालणाऱ्या गाडीतही ओलाव्यामुळे तसा थर येतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आला. २०२० साली बीएस-६ चा नियम लागू झाल्यापासून तर स्कॅनरशिवाय गॅरेज चालत नाही. परंतु स्कॅनर तापमान किती ते सांगतो, कारण सांगत नाही. पी ०२१७ हा कोड आला म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर तापले, एवढेच कळते. पंखा गेला की पंप, हे माणसालाच शोधावे लागते.

एका कागदाची गोष्ट

आमच्या माहितीतील एका होजिअरी व्यापाऱ्याची व्हॅन शहरात सारखी तापत असे. एका गॅरेजने रेडिएटर खोलून साफ केला. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. तिसऱ्याने हेड उतरवून गॅसकेट बदलले. प्रत्येकाने पंखा फिरतो आहे हे डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून पंख्यावर कोणाचाच संशय नव्हता. शेवटी एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गाडी गेली. त्यांनी बिलबुकातील एक कोरा कागद रेडिएटरच्या जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, पण उडून बाहेर आला. काही महिन्यांपूर्वी पंख्याची मोटर दुरुस्त करताना कोणीतरी दोन वायरी उलट जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरून समोरून येणारा वाराच परतवत होता. वायरी सरळ केल्या आणि गाडी शांत झाली.

त्या उस्तादांनी मजुरी सांगितली तेव्हा मालक म्हणाला, “दोन वायरी तर बदलल्या, एवढे पैसे कशाचे?” ज्या मालकाने तीन गॅरेजना निरुपयोगी कामाचे हजारो रुपये निमूट दिले होते, तो खरे कारण शोधणाऱ्याशी घासाघीस करत होता. आमच्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

तपासणीची मजुरी

आपण कापडवाले तरी हे समजायला हवे. ग्रे कापडाचा ताका फोल्डिंगच्या टेबलावर तपासला जातो, त्याची मजुरी आपण देतो. रंगवलेल्या मालात पट्टा आला तर दोष सुताच्या लॉटचा, लूमचा की रंगखात्याचा, हे जाणकाराला दाखवल्याशिवाय आपण कोणाचा हिसाब कापत नाही. मग गाडीच्या बाबतीत आपण असे का वागतो? मिस्तरी तासभर गाडी पाहतो आणि “फक्त झाकण बदला” असे सांगतो, तेव्हा आपण झाकणाची किंमत देऊन निघून जातो. त्याचा तास फुकट जातो. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाचा हिसाब त्याला शिकवतो की शोधण्यात पैसा नाही, बदलण्यात आहे. पार्टवर कमिशन मिळते, हेड उतरवण्याची मजुरी मिळते, पण विचार करण्याची मिळत नाही. असा बाजार आपणच तयार केला आहे.

यावर व्यापारी बंधू म्हणतील की तपासणीचे पैसे देऊनही कारण चुकीचे निघाले तर? हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तपासणीचे पैसे घेणाऱ्याने काय तपासले ते चिठ्ठीवर लिहून दिले पाहिजे. वरचा पाइप किती अंश, खालचा किती, झाकणाने किती दाब धरला, पंखा केव्हा सुरू झाला, हे चार आकडे कागदावर आले की अंदाजाला जागा उरत नाही. पुढचे काम त्याच गॅरेजमध्ये केले तर तपासणीची रक्कम बिलातून वजा करावी. आणि बदललेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यावा, त्यात नेमके काय बिघडले ते दाखवावे. एवढे केले तर संशय राहत नाही आणि गिऱ्हाईक टिकते.

गॅरेजवाले म्हणतील, “गिऱ्हाईक चिठ्ठीचे पैसे देत नाही, शेजारच्या गॅरेजमध्ये जाते.” काही जातीलही. परंतु ज्या गॅरेजने एकदा हजारोंचा खर्च वाचवला, त्याचे नाव बाजारात दुकानदारच पसरवतात. पाइपांचे तापमान मोजायची बंदूक, झाकण व रेडिएटरचा दाब तपासणारा पंप आणि ते निळे रसायन, एवढ्या तीन वस्तूंची गुंतवणूक एका मोठ्या इंजिनकामाच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी आहे. आपल्या हाताखाली जी मुले शिकतात, त्यांना पाना धरण्याआधी प्रश्न विचारायला शिकवणे हे तर बिनखर्चाचे काम आहे.

जुगाडाचे नुकसान

कारण न शोधता केलेले काही उपाय आपल्याकडे इतके रुळले आहेत की तेच योग्य वाटू लागले आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा त्यातला पहिला. “आपल्याकडे थंडी कुठे आहे, त्याची गरज काय?” असे सांगतात. परंतु थर्मोस्टॅट नसला की इंजिनाला योग्य तापमानापर्यंत यायला फार वेळ लागतो. नव्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो आणि पी ०१२८ हा कोड दाखवतो. झीजही वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्याने आडवाट सतत उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते.

पंखा डायरेक्ट करणे हा दुसरा. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरते ते ठीक आहे. कायम ठेवले तर मोटर लवकर झिजते आणि स्विच किंवा रिलेचा खरा दोष तसाच राहतो. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकणे हा तिसरा. ती गळक्या छिद्राबरोबर चांगल्या नळ्याही बुजवते.

चौथी गोष्ट पाण्याची. दख्खनच्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. सायझिंगवाल्यांना विचारा, बॉयलरला असे पाणी थेट दिले तर काय होते? नळ्यांवर क्षाराची खपली बसते, कोळसा जास्त लागतो आणि शेवटी नळी फुटते. म्हणूनच ते पाणी मऊ करण्याचा प्लांट बसवतात. गाडीचा रेडिएटर त्या बॉयलरच्या नळीपेक्षा कितीतरी नाजूक आहे आणि त्यात आपण नाक्यावरच्या पिंपातले पाणी ओततो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कुलंट आणि बॅटरीसाठी मिळते तसले डिस्टिल्ड पाणी, याहून वेगळे काही घालू नये. कुलंट केवळ थंडाव्यासाठी नसते, ते गंज रोखते. मात्र ते विषारी आणि चवीला गोड असते. काढलेले जुने कुलंट गल्लीत ओतू नये, मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

पाचवी गोष्ट मालकांसाठी. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा-दीड टनाच्या गाठी भरून घाट चढवायचा आणि मग मिस्तरीला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे. जादा वजनाने इंजिन जादा उष्णता निर्माण करते आणि ती बाहेर काढण्याइतका मोठा रेडिएटर कंपनीने दिलेला नसतो.

वाटेत तापली तर

काटा चढू लागताच एसी बंद करावा आणि गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर लावावा. हीटर हा लहानसा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. झाकण गरम असताना उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते आणि असे भाजलेले लोक दर उन्हाळ्यात दिसतात. अर्धा-पाऊण तास थांबावे, इंजिनावर थंड पाणी ओतू नये. अॅल्युमिनियमचे हेड आणि बिडाचा ब्लॉक असलेल्या इंजिनात हेड ब्लॉकच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. जास्त तापले किंवा एकाएकी थंड केले की ते वाकते किंवा तडकते. हा वाक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, पण तेवढाही वाक गॅसकेटला पुरतो. मग हेड फेसिंगला लेथवर जाते आणि अधिक चालवले तर पिस्टन जाम होऊन पूर्ण इंजिनकाम निघते. “दोन किलोमीटरवर तर गॅरेज आहे” या विचाराने कित्येक इंजिने बसली आहेत.

ईदच्या हंगामात पंधरा दिवस गाडी गॅरेजमध्ये पडली तर लहान व्यापाऱ्याची वर्षाची कमाई अडते, हे आपण जाणतो. म्हणून आमची मालकांना विनंती आहे की पुढच्या वेळी मिस्तरीला “काय बदलायचे?” असे न विचारता “कशावरून?” असे विचारावे आणि त्याने समाधानकारक उत्तर दिले तर त्या उत्तराचे पैसे हसतमुखाने द्यावेत. कारागीर बंधूंना विनंती आहे की “बदलून बघू” हे शब्द आपल्या गॅरेजमधून काढून टाकावेत. बदलून बघण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, पण नाव गॅरेजचे जाते.